गळ्यातला दोरा

पेडगाव,
३ नोव्हेंबर २०२५

व्याही दत्तराव यांना आश्रुबाचा रामराम. विहीणबाईंनाही सांगावा.

इकडे कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. सोयाबीन पावसात गेलं, तुमचंही गेलंच असेल. दिवाळीला माहेरी आल्यापासून भक्तीचा बसलेला आवाज सुटला का?

येत्या रविवारी हरिओम तिला न्यायला येईल, असा निरोप मीच धाडला होता. तो मागे घेतो. तिला पाठवू नका.

दसऱ्याच्या सुमारास तिचा घसा बसला. झोपेत दचकायची. मानेवर निळे डाग होते, ते मी पाहिले होते. घरची म्हणाली, बाहेरचं काही असेल. मीही तेच धरून बसलो, कारण ते सोपं होतं. मारुतीच्या पायाला लावून काळा दोरा आणला आणि त्या डागांवरच माझ्या हातानं बांधला. ती एवढंच म्हणाली, "मामा, सैल बांधा."

गेल्या आठवड्यात हरिओमनं नवा मोबाईल घेतला आणि जुना मला दिला, कीर्तनं ऐकायला. त्यात काय होतं ते लिहायची लाज वाटते. नागडे व्हिडिओ, शेकड्यानं. बऱ्याच व्हिडिओंत पुरुष बाईचा गळा दाबत होता. बोटं होती तिथंच आपल्या भक्तीचे डाग.

त्याला गोठ्यात बोलावून विचारलं. आधी हसला. म्हणाला, "दादा, समदेच बघायलेत. बायकायला आवडतंय ते."

"भक्तीनं सांगितलं तसं?"

"तिला काय इचारायचं त्यात?"

लहानपणी याला मी मांडीवर घेऊन भजनाला बसायचो.

आता तो म्हणतो, पुन्हा करणार नाही. मला ते खरं मानावंसं वाटतं. म्हणूनच तुम्ही माझ्यावर विसंबू नका. फोनवर बोललो असतो तर उद्या मीच फिरलो असतो. म्हणून लिहून देतो. रविवारी त्याच्याबरोबर मी आलो, हात जोडले, तरी पाठवू नका. तिचा गळा डॉक्टरला दाखवा. तिला पोलिसांत जायचं असेल तर हे पत्र न्या. अक्षर माझं आहे, मी नाकारणार नाही.

दोरा अजून गळ्यात असेल तर कापून काढा. आधी तिला विचारा.

हरिओमचा बाप,
आश्रुबा