फोडणीच्या पळीतलं शिसं

बाबा, तुमच्या नातवानं घरच्या स्वयंपाकघरात शिसं वितळवलं. तुमचं ऐकूनच वितळवलं. तुम्हाले त्यानं कधी पाहिलं नाही, तो व्हायच्या आधीच तुम्ही गेले, पण तुमचं सगळं त्याले माहीत आहे, कारण मीच सांगितलं. अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं आता तुम्हाले लिहून राहिली. तुमच्यापासून लपवायचं तर काही कारणच नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही तुम्हीच थांबवलं, तेव्हा अक्षराले नाव ठेवू नका.

पोरगं आता तिशीचं झालं. कंप्युटरच्या कंपनीत आहे, लग्न झालं, सुनेले सातवा लागला. दर रविवारी त्याचे मित्र येतात आणि जेवायच्या टेबलावर लढाई मांडतात, अगदी तुमच्यासारखी. फक्त यांचे शिपाई प्लास्टिकचे, मशीनमधून काढलेले, बोटाएवढे. "काय बे, तुझी तोफ तर फुसकी निघाली!" "थांब बे, फासा माझा आहे आता." असा सगळा कालवा. मी चहा देता देता पाहते. मले त्या प्लास्टिकचा रागच येते. हातात घेतलं तर वजन नाही, फुंकर मारली तर पडते. पोरगंही तेच म्हणते. फोनवर कुठली कुठली म्हातारी माणसं लिहितात म्हणे, की पहिलेचे शिपाई धातूचे होते, तळहातावर ठेवले की काहीतरी ठेवलं असं कळायचं, आता ती मजा राहिली नाही. हा ते मले वाचून दाखवते आणि विचारते, "आई, आबांचे खरंच शिशाचे होते का वं?" आणि मी मूर्खासारखी खुलते.

काय सांगितलं त्याले? रविवार सांगितले. नंदनवनची आपली दोन खोल्यांची जागा, बाहेरच्या खोलीतलं तखत, त्यावर पत्र्याचा मोठा ट्रे आणि त्यात कन्हान नदीची रेती. कामठीहून सुभेदार काका स्कूटरवर येतात. पलटणीतून रिटायर झालेले, तुम्ही कामाले होते त्या दुकानात बॅटरी चार्ज करायले आले आणि गप्पांत अडकले ते अडकलेच. फौजेत रेतीवर टेकड्या, नाले करून लढाई शिकवतात, हे त्यांनीच तुम्हाले दाखवलं. त्यांच्याजवळ शिपाई म्हणून खडूचे तुकडे. तुम्ही म्हटलं, खडूचा शिपाई कोणाले मारन? आणि जुन्या बॅटऱ्यांतल्या शिशाच्या प्लेटा घरी घेऊन आले. सीताबर्डीच्या टेकड्या, लहान आणि मोठी, मीच ओल्या रेतीच्या थापते. तुम्ही नेहमी भोसल्यांकडून, काका इंग्रजांकडून. पायदळ चार बोटं सरकते, घोडा आठ बोटं, फासा लुडोचा. काका फासा टाकायच्या आधी मुठीत फुंकतात. "फुंका किती बी," तुम्ही म्हणता, "आज टेकडी आमची." "बॅटरीवाले, मागच्या रविवारी बी तुम्ही हेच म्हणून घरात तोंड लपवत फिरत होते." आई आतून हसते. मी दाराशी बसून रंग लावते, इंग्रजांले लाल कोट, आपल्याले पांढरा अंगरखा.

एकदा तुम्ही माझ्यासाठी एक बाई ओतून दिली होती, डोक्यावर घागर घेतलेली. ती कोणत्याच फौजेची नाही. तिनं कुठंही जावं, कोणालेही पाणी पाजावं, तिच्यावर फासा चालणार नाही, असा नियम तुम्ही केला, आणि काकांनीही एक शब्द न काढता तो मानला. त्यानंतर आयुष्यात माझ्यासाठी कोणी असा नियम केला नाही, बाबा. हे मुलाले सांगितलं. तो म्हणाला, "काय दिवस असतीन यार ते!" होतेच तसे.

ते शिसं वितळायचं कुठं, हे मात्र मी त्याले सांगितलं नव्हतं. दुकानाचा मालक तिथं भट्टी लावू देत नव्हता, म्हणून घरी, आईच्या स्टोव्हवर. साचे प्लास्टरचे, चितार ओळीत मूर्ती करणाऱ्या माणसाजवळ बसून तुम्ही शिकून आलेले. आणि ओतायले आईची फोडणीची पळी. लोखंडी, खोलगट, लांब दांड्याची, बरोबर साच्याच्या भोकात धार पडते. तुम्हाले तिच्याशिवाय दुसरं काही पसंतच पडलं नाही. आई म्हणाली, "अवो, ती पळी नका घेऊ नं. त्यात मी वरणाले फोडणी देते." तुम्ही हसले. तिनं पुन्हा म्हटलं, तेव्हा तुमचा आवाज चढला. "काहून? विटाळ होते काय पळीले? कोणत्या जमान्यात आहे वं तू? माझ्या बापानं दीक्षा घेतली ती हेच सगळं सोडायले. आपला हात लागला म्हणून लोकं भांडी आगीत टाकून घ्यायचे, अन् तू माझ्याच घरात पळी बाजूले काढून ठेवतं?"

आईनं पळी तुमच्यापुढं ठेवली. ती विटाळाचं बोलतच नव्हती. वितळलेल्या शिशावरची ती काळी साय खायच्या भांड्यात नको, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण तुम्ही जे म्हटलं, त्याच्यावर आपल्या घरात कोणीच उत्तर देऊ शकत नव्हतं. आपल्या घरातली ती सगळ्यात खरी गोष्ट होती, आणि तुम्ही ती नको तिथं काढली. त्या दिवसापासून ठरून गेलं. दुपारी पळीत शिसं, मग ती चिंच लावून घासायची, स्टोव्हवर धरायची, आणि संध्याकाळी त्यातच जिरं तडतडायचं. आपण चवीनं जेवायचो.

मग एकेक सुरू झालं. माझी धाकटी बहीण तेव्हा दोन-अडीच वर्षांची, नुकती बडबडायले लागलेली. शिपाई गालात धरून बसायची, काढायले गेलं की आकांत करायची. तिचं पोट दुखायचं, गुडघे छातीशी घेऊन भिंतीकडं तोंड करून पडायची. सगळे म्हणे जंत. मग तिले आलेले शब्द एकेक करून परत गेले. ती तोंड उघडायची आणि नुसती माझ्याकडं पाहत राहायची. तिच्यावर डोळा ठेवायले कोणी पाहिजे म्हणून माझी शाळा बंद. आईले त्यानंतर दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा लेकरू टिकलं नाही. शेजारीण म्हणे नजर लागली. तुम्ही नजरबिजर मानत नव्हते, म्हणून काहीतरी चुकून राहिलं हेही मानलं नाही. तुमच्या हिरड्यांवर शाईनं ओढल्यासारखी निळी रेघ आली, ती मले तुम्ही हसताना दिसायची. आणि एक दिवस तुमचा उजवा पंजा मनगटातून लोंबायले लागला. तुम्ही तो टॉवेलखाली ठेवायचे. फासा डाव्या हातानं टाकायचे, शिपाई सरकवायचं काम माझ्याकडं आलं.

त्यातल्याच एका रविवारी मी आडवा पडलेला एक शिपाई उभा केला. धक्का लागून पडला असन असं मले वाटलं. तुम्ही असे ओरडले की काकांच्या हातून फासा पडला. "मेलेला उभा नाही करत!" नियमच होता. पडला तो पडल्या जागी, डाव संपेपर्यंत. डाव संपला की तुम्ही दोघं उठून गपचूप उभे राहायचे, मगच मेलेले डब्यात भरायचे. पलटणीची रीत, काका म्हणायचे. त्या दिवशी डाव संपला आणि तुमच्यानं उठवलंच नाही. काका एकटे उभे राहिले, रेतीकडं पाहत. मी मात्र तुमच्याकडं पाहत होती. मले वाटलं, हे शिपायांसाठी नाही उभे, हे तुमच्यासाठी उभे आहेत. त्यानंतर काका आले ते तुम्हाले खांदा द्यायलेच.

आई काही वर्षांनी गेली. धाकटी माझ्याजवळच आहे, तुम्ही काळजी करू नका. केस पांढरे व्हायले लागले तिचे, पण रस्ता एकटी ओलांडत नाही, सुटे पैसे समजत नाही. मागच्या साली तिले फिटचा झटका आला तर धंतोलीत दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण माझ्या पोरापेक्षा लहान. विचारते, "वडील काय करत होते?" म्हटलं, बॅटरीच्या दुकानात होते. "आणि घरी?" तर मी सांगत गेली, शिपाई, साचे, पळी, गंमत म्हणूनच सांगत गेली. ती हसली नाही. पेन खाली ठेवला. "मावशी, शिसं विष असतं. लहान लेकराच्या डोक्यात बसतं. पोटातल्या लेकराला तर फारच वाईट. इतक्या वर्षांनी पक्कं कोणी सांगणार नाही, पण तुम्ही सांगताय ते ऐकून मला भीती वाटतेय." मी बाहेर येऊन बाकड्यावर बसली. धाकटी म्हणे, "भूक." तिले समोसा घेऊन दिला. घरी कोणाले काही बोलली नाही. पोराच्या डोक्यात तुम्ही टेकडीसाठी लढणारे आबा होते, तसेच राहू दे म्हटलं.

मागच्या आठवड्यात मी धाकटीले घेऊन भंडाऱ्याले लग्नाले गेली. वापस आली तर जिन्यावरच मेण जळल्याचा वास. शिसं साफ करायले त्यात मेण टाकतात, तोच वास. वर आली. स्वयंपाकघराची खिडकी बंद, गॅसवर भांडं, भंगारातून आणलेल्या बॅटरीच्या प्लेटा ओट्यावर. पोरगं आणि त्याचा मित्र साच्याशी, आणि सून बाजूलेच उभी राहून फोनवर शूटिंग करून राहिली. मले पाहून म्हणते, "आई, पाहा नं, आबांसारखंच!"

मी गॅस बंद केला. सुनेचा हात धरून तिले बाहेरच्या खोलीत नेलं. मित्राले म्हटलं, "तू निघ बे घरी, अन् पहिले हात धू." पोरगं चिडलं. "आई, काय झालं तुले? तूच तर सांगितलं होतं!" मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पळीचं, तुमच्या हाताचं, माझ्या आईच्या दोन लेकरांचं. धाकटी तिथंच चप्पल काढत होती. पोरगं तिच्याकडं पाहत राहिलं. "मावशी जन्मापासून अशी नव्हती?" "नव्हती." सून पोटावर हात ठेवून खाली बसली. मी विचारलं, "किती दिवस चालू आहे हे?" तो म्हणे, "तू गेली तेव्हापासून रोज. तुले सरप्राइज द्यायचं होतं."

दुसऱ्या दिवशी रामदासपेठेतल्या लॅबमध्ये सुनेचं रक्त दिलं. ते तपासायले बाहेरगावी पाठवतात म्हणे, रिपोर्ट अजून यायचा आहे. तोवर घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. पोरानं सगळं सामान गोणीत भरून नेलं, ओटा इतका घासला की त्याची बोटं सोलली. रविवारी कोणी आलं नाही. सून भाजी निवडता निवडता मधेच थांबते, लेकरू हललं का ते पाहते, आणि मले विचारते, "आई, तुमच्या आईंना पहिले काय वाटायले लागलं होतं? नीट आठवून सांगा नं." मी सांगते. आता अर्धं ठेवत नाही. तिचा चेहरा पाहवत नाही, तरी सांगते.

तुमच्यावर रागावली आहे मी. शिसं विष आहे हे तुम्हाले कोणी सांगितलं नव्हतं, मान्य. पण पळी बाजूले ठेवायले तेवढं माहीत असायची गरज नव्हती. बायकोनं नको म्हटलं होतं, तेवढं पुरं होतं.

हे कागद कुठं टाकायचे ते पाहीन. तुम्हाले पोचत नाही हे समजते मले, म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते. घरात सगळ्यांले मी सांगितलं की दारात पाय ठेवल्या ठेवल्या मी गॅस बंद केला. तसं झालं नाही. साचा भरून झाला होता, पोरगं तो गार व्हायची वाट पाहून राहिलं होतं. सून आत उभी होती आणि मले सगळं माहीत होतं. तरी साचा उघडून त्यातून शिपाई बाहेर पडेपर्यंत मी दारात उभी राहिली, तोंड उघडलं नाही. मले तो पाहायचा होता, बाबा.