डाव्या तळव्याचे दोन गुण

माले, रविवार

आदरणीय सोबीराताई,

सलाम. तुझा गुडघा कसा आहे, मेहुण्यांचा खोकला थांबला का, आणि लुबनाने आपटलेला फोन शाबूत आहे ना, हे कळावे. मी येथे शरीराने ठीक आहे.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक कोडे मांडतो. ते तुझ्याही ध्यानात आले असेल. बाजारात ज्याच्याकडून आपण वीस वर्षे मासळी घेतो, तोच गृहस्थ इस्त्रीचा सदरा घालून लग्नात समोर आला, तर आपण त्याला ओळखत का नाही? नाक तेच, डोळे तेच. कारण असे (छत्तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला कारण सांगितल्यावाचून राहवत नाही) की आपण माणूस सुटा लक्षात ठेवत नाही, त्याच्या जागेसकट ठेवतो. जागा बदलली की चेहरा पोरका होतो. हा सिद्धान्त मला फार प्रिय आहे. सध्या तर मला दुसरा आधारच नाही.

यंदाच्या सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय चित्रपटासाठी तीन परीक्षक नेमले होते. त्यांतला मी एक. साऱ्या देशातून चित्रपट आले चार. (पाचवा बोटीवरून उतरवताना पाण्यात पडला; तो चांगला होता म्हणतात.) मी प्रत्येकासाठी बावीस रकान्यांचा तक्ता आखला. उत्तम कोणता, याविषयी वाद नव्हताच: नवरा समुद्रावर गेलेली म्हातारी किनाऱ्यावर काथ्या वळत बसते, एक शब्द बोलत नाही, आणि दोर संपतो तिथे चित्रपट संपतो. मी दोनदा डोळे पुसले. आणि मग, ताई, मी त्याचे दोन गुण कापले. शेरा लिहिला: ‘वृद्धेचे काम करणारी नटी अनैसर्गिक वाटते. काथ्या वळणारी बाई उजवा तळवा पुढे सारते. ही डावा सारते. हिने जन्मात सुंभ वळलेला नाही.’ चित्रपट एका गुणाने हरला.

शेरे समारंभात जाहीर वाचले जातात. (पारदर्शकतेसाठी ही सूचना मीच केली होती.) त्या वेळी आपल्या बेटावर समारंभ पाहायला धक्क्याशी पडदा बांधला होता, सारे बेट नवे कपडे घालून जमले होते आणि तू पहिल्या खुर्चीत होतीस, हे मला लुबनाच्या फोनमुळे कळले.

“अनैसर्गिक? मामा, आई चाळीस वर्षं हाच अभिनय करतेय! त्याच सुंभावर तुमचं कॉलेज झालं. ती डावखुरी आहे हे इथल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे!”

“अगं, पण पडद्यावर तिला चष्मा नव्हता...”

“चष्मा तुम्ही लावा, मामा! अकरा वर्षं इकडे फिरकला नाहीत. तिने मुद्दाम तुम्हाला सांगितलं नाही, भावाने बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून. आता बसा तुमचे रकाने मोजत!”

माझी बाजू मांडायची तर नवा धक्का झाला आहे, निम्मा खाजणकिनारा भराव घालून बुजवला आहे, आणि दर शुक्रवारी मी ऐकतो तो तुझा आवाज. चित्रपटात नेमकी तू गप्प होतीस. पण हे सारे लिहिताना माझ्याच कानांना ते गृहपाठ विसरलेल्या विद्यार्थ्यासारखे वाटते. तू माझा निःपक्षपातीपणा जपलास. मी तुझा हात ओळखला नाही. आठवडाभर तू फोन घेतलेला नाहीस. परवा तू आटवलेल्या माशांच्या रिहाकुरूची बरणी घ्यायला बोटीपाशी नेहमीसारखा उभा राहिलो, तर नावाड्याने रिकामे हात दाखवले. “आज बरणी नाही, सर. बाईंनी काहीच दिलं नाही. निरोपसुद्धा नाही.” रिहाकुरूवाचून भात घशाखाली उतरतो, ताई, त्या निरोपावाचून नाही.

तुझ्या क्षमेची नव्हे, निदान तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
अफीफ

ता. क. – पत्राचे खरे कारण राहिले. नियमाप्रमाणे चित्रपटातल्या कुणाच्याही सख्ख्या नातलगाला परीक्षक होता येत नाही. (चुलत चालतो, नाहीतर या देशात परीक्षकच उरणार नाहीत.) मी तुझा भाऊ आहे हे गुरुवारपर्यंत सिद्ध झाले, तर माझे सगळे गुण रद्द होतात, आणि उरलेल्या दोघांच्या गुणांवर तुमचा चित्रपट जिंकतो. त्यासाठी बेटाच्या कार्यालयाचा दाखला लागतो, आणि त्यावर तुझी सही: ‘सदर इसम माझा सख्खा भाऊ आहे.’ हे वाक्य तुला सध्या जड जाईल, याची मला जाणीव आहे.

ता. क. २ – वरील सिद्धान्त खोटा आहे. सहपरीक्षक नाशिदाबाईंनी तुला सात वर्षांपूर्वी माझ्या घरी चहाला तासभर पाहिले होते. त्यांनी तुला पहिल्याच दृश्यात ओळखले. मी गुण कापले तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, असं करायला काळीज लागतं.” मला वाटले, माझ्या काथ्याच्या अभ्यासाचे कौतुक आहे. मी म्हणालो, “सवय आहे.” सख्ख्या बहिणीचे गुण कापणाऱ्याला नियम काय दाखवायचा, म्हणून त्याही गप्प बसल्या.

तेव्हा आता वर्गात मी एवढाच प्रयोग शिकवीन, आणि तो कुणीही करावा: डोळे मिटावेत, आपल्या एका माणसाला मनात समोर बसवावे, आणि ते पेला कोणत्या हाताने उचलते ते पाहावे. आठवावे लागले, तर पुढची बोट पकडावी.