मिशाळरावांसाठी मऊ वाळू

प्रिय चिमे,

बाबाचं पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही. मी नुसता ‘बरं, बरं’ करतो आणि तू फोन ठेवलास की सगळं आठवतं. गेल्या महिन्यात तू म्हणालीस की मूल दत्तक घ्यायचा अर्ज भरून तयार आहे, जावईबापूंनी सहीही केली, पण तुझा हात काही उठत नाही. का म्हणून विचारलं, तर तू हवापाण्यावर गेलीस. तेव्हापासून मला चैन नाही.

इकडे एक भानगड झाली आहे. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई कायमच्या लेकाकडे राहायला गेल्या आणि जाताना त्यांची माशांची टाकी माझ्या गळ्यात मारून गेल्या. तीन चकचकीत उनाड मासे आणि तळाशी फिरणारा एक मिशीवाला. त्याला मी मिशाळराव म्हणतो. तुझी आई गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय काही हलत नव्हतं. आता सकाळी चहा घेऊन टाकीपुढे बसतो आणि त्यांना कालचा दिवस सांगतो. काल काही घडलेलं नसतं, तरी सांगतो. हसू नकोस. कधीकधी पहिला शब्द बोलताना घसा खरखरतो, तेव्हा कळतं की आदल्या दुपारपासून तोंडच उघडलेलं नाही.

तर मिशाळरावांच्या मिशा झिजू लागल्या. खाणं सोडून ते कोपऱ्यात बसून राहायचे. माशांच्या दुकानातल्या बाईंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, तळाचे खडे धारदार आहेत, हा मासा तळ उकरून खातो, मऊ वाळू घाला नाहीतर हा जगायचा नाही. मी म्हटलं, एवढंच ना, उद्याच सगळे खडे काढतो, टाकी उकळत्या पाण्याने धुतो आणि नवी वाळू भरतो. तीस वर्षं हॉस्पिटलात कात्र्या-चिमटे निर्जंतुक करण्यात गेली, मला दुसरं काय सुचणार! बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, आजोबा, त्या खड्यांवरच तर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशांची घाण तेच पचवतात. ते एकदम मेले की पाणी विषारी होतं, आणि चार दिवसांत मासे जातात. चिमे, मला तिथल्या स्टुलावर बसावं लागलं.

मग बाईंनी सांगितलं तसंच केलं. दर रविवारी फक्त पाव भाग. आधी टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन मासे त्यात सोडायचे, हवेची नळी चालू ठेवायची, वर झाकण. मग खडे हळूच उचलायचे. थोडे जुने खडे आईच्या पायमोज्यात बांधून टाकीतच ठेवले, म्हणजे ते जीव नव्या वाळूत पसरतात. टाकीचं पाणी गाळणाऱ्या फिल्टरच्या स्पंजातही तेच जीव असतात, म्हणून तो नळाखाली धरायचा नाही, टाकीच्याच पाण्यात हलकेच पिळायचा. वाळू मात्र तेरा बादल्या पाण्यात धुतली, साबणाचा थेंब न लावता. तुझी आई असती तर म्हणाली असती, जन्मात कधी तांदूळ तरी एवढे धुतलेत का? शनिवारी माझी भूक उडायची. एवढ्याशा जिवासाठी एवढी धाकधूक मला शोभत नाही, पण तो गेला असता तर मला सोसलं नसतं.

आज शेवटचा पाव भाग झाला. मिशाळराव वाळूत तोंड खुपसून मजेत फिरताहेत.

आता खरं लिहितो. तू नऊ वर्षांची असताना आपल्याकडे पाच मासे होते, ते आठवतात? तू आईबरोबर मामाकडे गेली होतीस, तेव्हा तुला खूश करायला म्हणून मी सगळे खडे पातेल्यात उकळले, स्पंज साबणाने धुतला, पाणी पूर्ण बदललं. टाकी लखलखत होती. तू आलीस तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तुला वाटलं भूक लागली, तू चिमूटभर खाणं घातलंस. आठवडाभरात पाचही गेले. मी तुला सगळ्यांसमोर म्हणालो, अति तिथे माती, जास्त खायला घालून मारलेस ना मासे? तू रडली नाहीस. पुन्हा कधी काही पाळलंही नाहीस. तुझ्या गॅलरीत प्लॅस्टिकची झाडं बघून मी चेष्टा करायचो, आणि तू म्हणायचीस, माझ्या हातून जिवंत काही टिकत नाही बाबा. मला वाटायचं, तू गंमत करतेस. चूक माझी होती हे मला त्या स्टुलावर कळलं. पण न पाहता, न विचारता तुझ्यावर आळ घेतला, तो तर तेव्हाही गुन्हाच होता. मला माफ कर. सही करायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, मी एका शब्दानं विचारणार नाही. पण त्या माशांपायी हात अडत असेल, तर ऐक. ते मी मारले. तू त्यांना दोन वर्षं जगवलं होतंस.

तुझाच,
बाबा