चार बाटल्या गटार

४ मार्च
ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

आमच्या टाक्यांतली माशांची पिल्लं पटापट मरताहेत. डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक हिरवं शेवाळ आम्ही त्यांच्यासाठी वाढवतो. ते पोटभर खातात आणि तरी मरतात. एक जिवाणू त्यांच्या मागे लागलाय. औषध घातलं तर चांगले जिवाणूही जातील, म्हणून नेमका त्यालाच मारणारा विषाणू मला हवाय. तो जिवाणू जिथे माजतो तिथेच हाही सापडतो, म्हणजे घाणीत. इथली गटारं पालथी घालून झाली. तुझ्या घरामागच्या मासळीबाजाराचं गटार चार बाटल्या भरून पाठवशील? महिनाअखेरपर्यंत विषाणू सापडला नाही, तर साहेब टाक्या रिकाम्या करणार आणि माझं काम बंद.
नाक धरून का होईना, लोभ ठेव.
तुझी टिटवी

९ मार्च
चि. टिटवीस, अ. उ. आ.

छत्तीस वर्षं मुलींना हात धुवायला शिकवलं, त्याचं हे फळ. लोकांच्या भाच्या साड्या मागतात, माझी गटार मागते. तरी गेले. मला वाकलेली बघून मासेवालीला वाटलं, माझी अंगठी पडली. तिने कोपरापर्यंत हात घातला आणि अर्धा तास मला सोडलं नाही. शेवटी एक चमचा काढून दिला. माझा नव्हता, पण घ्यावा लागला.
बाटल्या रवाना केल्या आहेत. दुसऱ्याकडे पाठवायची वस्तू नीटनेटकी असावी, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगत. म्हणून पाणी तलम फडक्यातून दोनदा गाळलं आणि वीस मिनिटं खळखळून उकळलं. आता कसं माणसांत आणण्यासारखं दिसतंय.
नखं कापत जा.
तुझी आत्या

१४ मार्च
ती. आत्यास, शि. सा. न.

तू ते उकळलंस. साहेबांनी बाटली उजेडात धरून विचारलं की हे गटार आहे की गुलाबपाणी. त्यात आता कुणीच जिवंत नाही. इकडे निम्म्या टाक्या ओस पडल्यात. पाया पडते, पुन्हा पाठव. गाळू नकोस, उकळू नकोस, लेबलाला समासही आखू नकोस.
लोभ आहे तेवढा टिकव.
तुझी रडवेली टिटवी

१८ मार्च
चि. टिटवीस, अ. उ. आ.

समासाशिवाय मला लिहिता येत नाही, तेव्हा तो आहे. पुन्हा गेले, तर गटार लख्ख! कडेने चुनासुद्धा मारलेला. सात वर्षं मी नगरपालिकेला तक्रारी लिहितेय, आणि नेमकी मला घाण हवी त्याच आठवड्यात त्यांना जाग आली. मुकादम हात जोडून म्हणाला की ही सगळी बाईंचीच कृपा. मी त्याला असं झापलं की बिचारा अजून विचार करत असेल.
रिकाम्या हाताने परतले, पण तुझी ती पिल्लं डोळ्यांपुढून हलेनात. एकच बाटली पाठवतेय. उकळलेली नाही. कुठली, ते विचारायचं नाही.
तुझी आत्या

२५ मार्च
ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

सापडला. बशीत वाढवलेल्या जिवाणूंच्या थराला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडलीत, म्हणजे त्याने जिवाणू फस्त केले. चाचणीच्या टाकीत सोडून दोन दिवस झाले, एकही पिल्लू मेलं नाही. मी टाकीपाशी बसून रडले, साहेबांनी नाक शिंकरलं. टाक्या ठेवायला ते तयार आहेत. पण नमुना नेमका कुठला, हे अहवालात आल्याशिवाय सही करणार नाहीत. आत्या, विचारतेच आहे.
तुझी टिटवी

२८ मार्च
चि. टिटवीस, अ. उ. आ.

दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हणजे जेवले, पण चवीने नाही. ‘एक अज्ञात नाला’ असं लिही म्हणणार होते. पण खोटं बोलणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं केलंय, आणि या वयात मला बाकावर चढवत नाही.
तर लिही: निवृत्त मुख्याध्यापिकेच्या स्वयंपाकघरातली मोरी. मासे तिथेच धुते. जाळीखालचा पाइप वाकडा आहे आणि तिथे ब्रश पोचत नाही, हे अधोरेखित कर. दोनदा.
लोभ आहेच. वाढवायचा की नाही, ते अहवालातली भाषा बघून ठरवीन.
तुझी आत्या