सात नंबरच्या गाडीतला पितर

१८ सप्टेंबर, गुरुवार

झाली का पुन्हा कोरी, वहीबाई! परवा मी तुले एवढं सांगितलं, गळा सुकेपर्यंत, अन् आज पान उलटलं तर तोंड पांढरंफटक. जशी काही मी कोण, ठाऊकच नाही! सीमा म्हणते, "आई, नवं पान आहे ते." मी म्हटलं, नवं असो की जुनं, विसरभोळं ते विसरभोळंच. आता पुन्हा ओळख करून देणं आलं.

मी दुर्गाबाई. राहणार जुनं शहर, अकोला. अक्षर एक येत नाही. मी बोलते, सून लिहिते. सून म्हणजे ही सीमा. हात चांगला आहे तिचा, पण तिच्याबद्दल काही बोललं की हळू लिहिते. लिही, लिही! हेही लिही.

अन् मले नाद आहे गाड्यांच्या शर्यतीचा. फुर्रकन गेली अन् संपली, तशा नाही. दिवसभर चालतात त्या. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत गाडी पळते. ड्रायव्हर बदलतात, टायर बदलतात, गाडी तीच. कोण जोरात पळालं याले किंमत नाही, कोण टिकलं याले आहे. माह्यासारख्या बुढीले दुसरं काय आवडणार!

१९ सप्टेंबर

काल सांगता सांगता खरी गोष्ट राहून गेली. मुद्दामच राहिली असंल.

नाद लावला श्यामनं. माहा लेक, सीमाचा नवरा. घराखालीच त्याचं गॅरेज. पहिल्या वर्षी म्हणे, "माय, तू फक्त डबा घेऊन चाल, ठेचा जास्त बांध." मूर्तिजापूरच्या अलीकडे मुरमाचा एक माळ आहे, तिथं दरसाल दिवाळीनंतर शर्यत. मी छत्री घेऊन बसली ती सांजेलेच उठली. डबा कोणी खाल्ला, देवाले ठाऊक. तेव्हापासून एक वर्ष चुकवलं नाही. फेऱ्या मोजायले चिंचोके नेते — एक फेरी झाली की एक चिंचोका या पिशवीतून त्या पिशवीत. पौर्णिमा, श्यामची पोरगी, अमरावतीले शिकते. ती आली की मले फोनवर परदेशातल्या शर्यती दाखवते. तिकडं रातभर पळतात, पाऊस पडला तरी थांबत नाहीत. बाप्पा!

दोन वर्षांखाली त्याच माळावर श्याम गेला. त्याची पाळी संपली होती. आत ये म्हणून फळा दाखवला, तर त्यानं खिडकीतून दोन बोटं दाखवली. अजून दोन फेऱ्या! दुसऱ्या फेरीले वळण आलं अन् गाडी वळलीच नाही. उन्हानं डोळा लागला असंल, म्हणतात. मी चिंचोका हातात धरून बसली होती. तो कोणत्या पिशवीत टाकला, आजही आठवत नाही.

गाडी देवमननं पुन्हा उभी केली. देवमन म्हणजे श्यामचा भागीदार, आता गॅरेज तोच पाहते. पिवळी जुनी आठशे, सात नंबर. भंगारात देऊ नका, असं सीमाच म्हणली होती. पण माळावर तिनं पुन्हा पाय ठेवला नाही. गॅरेजातही नाही.

हळू लिहून राहिली बघ.

२० सप्टेंबर, शनिवार

आज चतुर्दशी. अपघातानं गेलेल्याचं जेवण आज.

आमच्या घरी पितर नुसता कावळ्यावर सोडत नाहीत. जिवंत माणूस पाटावर बसवतात. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं — तेवढ्या वेळापुरता तोच गेलेला माणूस. खाऊन झालं की विडा द्यायचा. दाराबाहेर चार पावलं सोडायले जायचं अन् म्हणायचं, आता जा, सुखानं राहा. त्यानं मागं पाहायचं नाही. विडा घेतल्याशिवाय पितर उठत नाही, असं माही सासू सांगे.

यंदा मी नितेशले बसवलं. अचलपूरचा पोट्टा. यंदापासून श्यामच्या पाळीले सात नंबर तोच चालवणार. श्यामले त्यानं कधी पाहिलंही नाही. म्हटलं, ज्याच्या जागेवर बसणार, त्याच्या पाटावरही बस.

"आजी, वडे आहेत ना? मग कोणाच्याही नावानं बसतो!"

उडदाचे वडे, कढी, कोहळ्याची भाजी, तांदळाची खीर. खाल्लं लेकाच्यानं! सीमा वाढत होती, पण त्याच्या तोंडाकडं पाहत नव्हती. खीर संपत आली तर देवमनचा फोन — इंजिन उतरवलं, लवकर खाली ये. नितेश उठला, हात कसातरी धुतला अन् जिन्यावरून धडधड पसार. मी आत विडा लावून राहिली होती. बाहेर आली तर पाट रिकामा.

विडा हातातच राहिला.

२१ सप्टेंबर

अमावास्या. साऱ्यांचे पितर आज गेले. आमचा गेला नाही.

सीमा म्हणते, "आई, असं काही नसते." म्हणते खरं, पण एवढी एक ओळ लिहायले तिनं दोनदा खोडलं. खोडल्याचा आवाज मले कळते.

४ ऑक्टोबर

खाली गॅरेजात गेली होती, उगाच. नितेश गाडीत बसलेला. बूट बाहेर काढून ठेवलेले.

"काहून रे, बूट काढले?"

"पायाले पेडल कळलं पाहिजे ना, आजी."

"कोणी शिकवलं?"

त्यानं आपल्या पायाकडं पाहिलं. "कोणी नाही. असंच वाटलं."

श्याम अनवाणीच चालवे. देवमनच्या हातातला पाना खाली पडला. मग मले बाजूले घेऊन म्हणे, "काकू, मी नाही सांगितलं. मी तर श्यामचं नावही काढत नाही त्याच्यासमोर."

१२ ऑक्टोबर

नितेशले म्हटलं, यंदा गाडीत तू नको बसू. हसून राहिला. "आजी, मी फक्त जेवलो! चार वड्यांची एवढी शिक्षा?" मीही हसली. मग अंगावर काटाच आला. हसताना त्याचा डावा डोळा मिटला. एकटा डावा. श्यामसारखा.

याच्या मायले काय सांगू मी? तुह्या पोराच्या अंगावर माहा पोरगा बसवला, अन् उठवायचं राहून गेलं?

सीमा, लिहिलं का? लिहिलं म्हणते. मले वाचता येत नाही, म्हणून विश्वास ठेवावा लागते.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. सीमा आज गॅरेजात उतरली. गाडीले हळदकुंकू लावलं. समोरच्या माणिकबाईंनी नाक मुरडलं — तिनं कशाले लावावं म्हणून. मी म्हटलं, माणिकबाई, तुमच्या स्कूटरलेही पाठवू का?

९ नोव्हेंबर

सराव झाला. नितेश पाळी संपल्यावरही आत आला नाही. एक फेरी जास्त मारली. देवमन म्हणे, "फळा मी त्याच्या नाकासमोर धरला होता, काकू." नितेश म्हणे, दिसलाच नाही. खोटं बोलणारा पोट्टा नाही तो. तेच तर!

देवमनले म्हटलं, दुसरा ड्रायव्हर पाहा. आता कुठून पाहू, म्हणे. खरंच आहे त्याचं.

१५ नोव्हेंबर

उद्या शर्यत. सीमा म्हणली, "मी येते." एवढंच. मी विडा लावला अन् पदरात गाठ मारून ठेवला. चतुर्दशी नाही, पाट नाही, काहीच रीत नाही. पण रिकाम्या हातानं कशी जाऊ?

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल बोलायले तोंड नव्हतं. आज सांगते.

माळावर तोच धुराळा, पेट्रोलचा वास, भज्यांची हातगाडी. अमरावतीच्या गाड्या, चांदूर रेल्वेची एक, अन् नागपूरचे मोठे लोक, सारे एकसारख्या टी-शर्टात. निशाण पडलं. खोटं काहून बोलू? गाड्या सुटल्या अन् मी सारं विसरली. भीती विसरली, विडा विसरली. देवमन पहिल्या पाळीले होता. सात नंबर मागून निघाली अन् सकाळच्या चहापर्यंत मधात आली. नागपूरवाल्यांची गाडी घडीघडी आत येई, बोनेट उघडून उभी राही. मी ओरडली, "अबे, पाळण्यात घाला तिले!" हसले लोक. सीमा जीपमध्ये बसून होती, माळाकडं पाठ करून.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा नितेश बसला. अनवाणी. काय चालवली, सांगू! त्या वळणावर अशी गाडी उतरवे की देवमन उठून उभाच राहिला. मले वाटलं आनंदानं. तोंडाकडं पाहिलं, तर रंग उडालेला.

मग नितेशची पाळी संपली. देवमननं फळा धरला. गाडी समोरून गेली. खिडकीतून हात बाहेर आला. दोन बोटं.

देवमनचा हात खाली आला, फळ्यासकट. मी म्हटलं, "धर बाप्पा, वर धर!" पुढल्या फेरीले त्यानं पुन्हा धरला. गाडी पुन्हा गेली. बोटंही नाही दाखवली. वळणावर मागचं चाक बाहेर गेलं, मुरूम उडाला, कशीतरी सावरली. माह्या हातातले चिंचोके मातीत पडले. राहू दे म्हटलं, पडू दे.

तेवढ्यात मागून सीमा आली. देवमनच्या हातातून फळा घेतला, ओढणीनं पुसला, खडूनं लिहिलं अन् माह्या हाती दिला.

"आई, तुमी धरा. तुमचं ऐकन तो."

"काय लिहिलं?"

"श्याम, खाली उतर."

मी धरला. "उलटा आहे, आई!" तिनं सरळ करून दिला. तशातही मले हसू आलं. मी ओरडली नाही, हातही हलवला नाही. लहानपणी तो खेळात दंग असला की मी दारात नुसती उभी राहत असे, जेवायले बोलवायले. तशी उभी राहिली.

गाडी वळण घेऊन आली. तिचा आवाज उतरला. उतरत उतरत आत आली अन् माह्या पुढ्यात थांबली.

नितेश उतरला अन् दाराले टेकला. भर उन्हात अंग थंडगार. "आजी, मले काही दिसूनच नाही राहिलं होतं. कोणीतरी घरून बोलावलं असं वाटलं." देवमन आत बसला अन् गाडी निघाली. शर्यत कोणासाठी थांबत नाही. मले तिचा तोच गुण आवडे. काल नाही आवडला.

मी पदराची गाठ सोडली. "तोंड उघड." विडा चावला त्यानं, लहान पोरासारखा. हात धरून त्याले निंबाच्या झाडाकडं चार पावलं नेलं. म्हटलं, आता जा, बापू, सुखानं राहा. मागं पाहू नको.

त्यानं पाहिलं.

माह्याकडं नाही. सीमाकडं.

गाडी चौथी आली. सारे नाचले. मीही टाळ्या वाजवल्या.

२० नोव्हेंबर

नितेश येऊन गेला. बूट घालून. आता दोन्ही डोळे मिटून हसते. म्हणे, "आजी, पुढल्या शर्यतीले मी नाही बसत. घरी आई रडून राहिली." मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मोकळा झाला पोट्टा.

मग रात्रीची माही झोप काहून उडते?

२५ नोव्हेंबर

दुपारी सीमा खाली होती, गाडीत. काचा वर केलेल्या. मी जिन्यातून पाहिलं. कोणाशी तरी बोलून राहिली होती. मधात थांबे, ऐके, मग पुन्हा बोले. एकदा हसलीही. दोन वर्षांत तिचं हसू मी पाहिलं नव्हतं. शेजारची सीट रिकामी होती.

वर आली तर मी विचारलं नाही. आता हेच तिच्याकडून लिहून घेऊन राहिली. हात हळू होईल म्हटलं.

झाला नाही. भरभर लिहून राहिली.

३० नोव्हेंबर, रविवार

अक्षर बदललं म्हणून बावचळू नको. आज पौर्णिमा लिहून राहिली. सीमा सकाळीच टेम्पोत गाडी घालून गेली, अचलपूरकडच्या माळावर, सरावाले. तिथल्या पुढल्या शर्यतीले सात नंबर तीच चालवणार. मी नाही म्हटलं नाही.

पौर्णिमे, पुरे आता लिहिणं. दुपारी देवमन जेवून तिकडं जाईल, त्याच्यासंग डबा पाठवजो. ज्वारीच्या भाकरी, पातोडीची भाजी, दही. दोघांचं भरजो. ठेचा वेगळा बांध — तिले तिखट सोसत नाही. त्याले लागते.