प्लीहेचा तक्ता

सर, तुमचा प्लीहेचा तक्ता मी नव्या प्रयोगशाळेत लावणार नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि परवा तुमचा मुलगा तो गुंडाळी करून धुळ्याला घेऊन आला. "बाबांची आठवण म्हणून दारासमोर लावा मॅडम." सगळा विभाग हो म्हणाला. मी विभागप्रमुख, मी नाही म्हणाले. कृतघ्न म्हणतायत मला. म्हणू देत.

आठवतं का? याच कॉलेजात मी सूक्ष्मदर्शकावर वाकलेय, रावेरची, केळीवाल्याची पोरगी. तुमचा नियम एकच: दोन्ही डोळे उघडे. एक नळीत, दुसरा कागदावर. दिसेल तेच काढायचं. मला दिसलं तसं मी काढलं. प्लीहेतल्या केशवाहिनीचं तोंड उघडं, आणि रक्तपेशी बाहेर जाळीत सांडलेल्या. तुम्ही कागद उचलून सगळ्यांना दाखवलात. चिडलात की तुमची शिंदखेड्याची अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे? केळीले पाटनं पानी सोडं का?" वर्ग खदखदला. "रक्त नळीतूनच जातं, बाहेर गेलं तर माणूस मरतो," म्हणत तुम्ही चित्रावर लाल रेघ मारलीत. "एकदा बघा ना सर," मी म्हणाले. तुम्ही वाकलाही नाहीत. पोरं हसली ते मी कधीच विसरले. तुम्ही न वाकल्याचा राग अजून आहे.

अहो, पाटाचं पाणीच आहे ते! थोडं रक्त थेट जातही असेल, पण बहुतेक रक्त त्या जाळीत मोकळं सुटतं, झिरपतं, आणि पऱ्हाटीच्या काड्यांच्या कुडासारख्या उभ्या पेशींच्या फटींतून अंग चोरून पुन्हा वाहिनीत शिरतं. लवचिक पेशी पार होते. म्हातारी, ताठर झालेली तिथेच अडकते. हे शिकवताना दर वर्षी तुमचा चेहरा समोर येतो, आणि बरं वाटतं मला. हो, बरं वाटतं!

तुमच्या तक्त्यात रक्त अजून बंद नळीतूनच जातं. म्हणून दारासमोरच्या त्या भिंतीवर पोरांनी बघून काढलेली चित्रं लागतील, चुकली तरी त्यांचीच. तक्ता मुलाला परत दिला. हे पत्रही त्याच्याच हातात देणार होते, तुमच्या फोटोपुढे ठेव म्हणून, नाही दिलं. आता पोरं पडद्यावर बघतात, मी मात्र अजून नळीवरच वाकते. एकच सांगते आणि थांबते. तुमच्यावरच्या रागाने मी पुष्कळदा कागदावरचा डोळा मिटून बघायला गेले. मिटून मला काही दिसतच नाही.