ॲलर्जीच्या रकान्यातलं ‘नाही’

सोमवार, ३ जून
नवीन मशीन बसलं एकदाचं! मशीन कसलं — नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं तिकडे नाशिकला, सर्व्हरमध्ये. पेशंटचा आधार नंबर टाकला की अख्खा फॉर्म भरूनच येतो. सात वर्षं या केसपेपरच्या खिडकीत बसून मी जे टाइप करत आले, ते आता दोन सेकंदांत. बसवायला आलेला ललित म्हणाला, "पल्लवी मॅडम, तुम्ही फक्त बघायचं आणि हिरवं बटण दाबायचं."
बघायचं! यासाठी मी टायपिंगच्या तीन परीक्षा दिल्या.

बुधवार, ५ जून
आपल्या पेठ तालुक्यात निम्मे लोक एक जानेवारीला जन्मले. सर्व्हर म्हणतो म्हणजे असणारच. आज एका अडीच महिन्यांच्या बाळाचा फॉर्म त्याच्या आईच्या आधार नंबरवर काढला. व्यवसाय — शेती! आई हसली, मीही हसले. बटण दाबलं.

शनिवार, ८ जून
एकशे बारा पेशंट, आणि रांग साडेबाराला संपली. डॉक्टरांनी कौतुक केलं. माझं की सर्व्हरचं, ते विचारलं नाही.

मंगळवार, ११ जून

नवसाबाई म्हणून पाड्यावरची एक बाई पायाला कोयता लागला म्हणून आली. फॉर्म काढला, कागद हातात दिला, पुढचा पेशंट. अर्ध्या तासाने ड्रेसिंगच्या खोलीत आरडाओरडा. इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत तोंड सुजलं, अंगभर गांध्या, श्वास घेता येईना. डॉक्टर धावत आले. दुसरं इंजेक्शन, ऑक्सिजन.
वाचली. वाचली बाई!
मग वेदिका सिस्टर कागद नाचवत माझ्या खिडकीशी. "हे बघ, औषधाची ॲलर्जी — नाही. हे बघूनच दिलं ना मी!" खाली छापील नाव माझं. फॉर्म भरणार सर्व्हर, नाव मात्र माझं.

बुधवार, १२ जून
ललितला फोन केला. "जुनी माहिती नसली की सर्व्हर तिथे ‘नाही’ टाकतो, मॅडम. रकाना रिकामा ठेवून चालत नाही. पण तो पिवळा असतो ना, तुम्हाला बदलता येतो."
पिवळा! अर्धा पडदा पिवळा असतो. म्हणजे माहीत नसलं तरी सर्व्हर ‘माहीत नाही’ म्हणणार नाही. साहेब लोकांकडूनच शिकला असेल.

शुक्रवार, १४ जून
चौकशी लागली. माझं कंत्राट अकरा महिन्यांचं, जुलैत संपतंय. आई म्हणते, "तू काय केलंस? मशीनने केलं." मीही तेच म्हणते. दिवसातून दहा वेळा म्हणते.

गुरुवार, २० जून
नाशिकहून साहेब आले. ड्रेसिंगला आलेल्या नवसाबाईला समोर बसवलं.
"बाई, पूर्वी कधी असा त्रास झाला होता का?"
"झाला व्हता."
"मग खिडकीवर सांगितलं का नाही?"
ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. एकदा माझ्याकडे बघितलं. "मला काय कळतंय, साहेब? मी काय बी नाय बोलले."
साहेबांनी लिहून घेतलं. मला इतकं सुटल्यासारखं झालं की तिला पाणी विचारायचंही राहिलं.

गुरुवार, २७ जून
अहवाल आला. दोष सर्व्हरचा! तो रकाना आता रिकामा येणार, पेशंटला विचारूनच भरायचा. ‘ऑपरेटरची चूक आढळून येत नाही.’ कंत्राटही वाढलं. सिस्टरने पेढे मागितले, आणले. सगळ्यांनी सर्व्हरला शिव्या घालत खाल्ले. तो बिचारा कुठे उलटून बोलतोय!

सोमवार, १ जुलै
नवसाबाई शेवटच्या ड्रेसिंगला आली. खिडकीशी दुसरं कुणी नाही असं बघून मीच म्हटलं, "मावशी, त्या दिवशी सांगायचं ना मला."
ती हळूच म्हणाली, "सांगितलं व्हतं ना, बाई. सुई सोसत नाय म्हणून. दोन डाव. तू मान हलवली न् बटण दाबलंस. साहेबाला सांगते तर तुझी नोकरी जायची."
मला आठवत नाही, असं इथे लिहिणार होते. आठवतंय. अकरा तारखेपासून आठवतंय.